रडणारा ट्रान्झिस्टर

मी आणि माझ्या बायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे ट्रान्झिस्टर निवडणं. संध्याकाळचा चहा झाला होता. ती गॅलरीत पाय लांब करून बसली, पुढ्यात ताट, ताटात तिच्या तीन स्टीलच्या वाट्या. मी समोर स्टुलावर, मांडीवर लाकडी फळी, फळीवर तारा, मीटर आणि एक छोटा स्पीकर. इथल्याच, सुरतेतल्या भेस्तानच्या एका गिटारवाल्याला पेटी करून हवी होती. गिटार आणि अँप्लिफायर यांच्या मधे ही पेटी लावतात आणि पायाने दाबतात. दाबली की गिटारचा गोड टणकार फाटतो, जाड होतो, गुरगुरतो. आता अशा पेट्या दुकानात ढिगाने मिळतात. पण त्याला जुन्यासारखी हवी होती, आम्ही तरुणपणी करत होतो तशी, जुन्याच मालाची.

मी रेडिओच्या पोटातला वाटाण्याएवढा एकेक ट्रान्झिस्टर फळीवर जोडायचो. ती त्याची लोखंडी टोपी चिमटीत धरायची, स्पीकरला कान लावायची आणि निकाल द्यायची. आम्ही खान्देशातले, घरात अहिराणीच. "हाऊ बोलस," म्हणाली की बोलणाऱ्यांच्या वाटीत. "हाऊ रडस," म्हणाली की रडणाऱ्यांच्या. तिसरी वाटी मुक्यांची, ज्यांचा आवाज अगदी बारीक. शेवटी एकच उरला. तिने तो बराच वेळ धरला, नाक मुरडलं.

"आते याले थंडी शे. थंडीमा खोटं बोलस. सकाय दुपारले आयकसूत."

म्हणजे, आता गारठा आहे, हा खोटं बोलतोय, उद्या दुपारी ऐकू. तो तिने कुठल्याच वाटीत टाकला नाही, ताटाच्या कडेला ठेवला. मग मेथी निवडायला घेतली.

पहाटे ती झोपेतच गेली. त्याबद्दल मला काही लिहायचं नाही, लिहून काय होणार. मला लिहायचंय ते या वाट्यांबद्दल. कारण लोकांना वाटतं मी कारागीर, माझे कान तयार. माझे कान कसले तयार? माझे कान लूमने खाल्ले.

लग्नाआधीच मी सुरतेत आलो होतो. चौथी शिकलेला माणूस, लूमवर, म्हणजे यंत्रमागावर लागलो. ज्याने लूमचा कारखाना आतून पाहिला नाही त्याला सांगून कळणार नाही. खटाखट खटाखट, शेजारचा माणूस कानात ओरडला तरी त्याचे ओठ बघून समजून घ्यायचं. आम्ही हातवाऱ्यांनी बोलायचो, शिव्यासुद्धा हातवाऱ्यांनी. पाळी संपली की रेडिओ उघडून बसायचो. ते वेड मला कुठून लागलं देव जाणे. गुजरीतून, जुन्या बाजारातून, मेलेले रेडिओ आणायचे, दोन मेलेल्यांतून एक जिवंत करायचा. तो पहिल्यांदा बोलला की माझ्या अंगावर काटा यायचा. अजून येतो, खोटं कशाला सांगू.

लग्न झालं, ती आली. पत्र्याची खोली, लिंबायतच्या बाजूला, त्याच्यापुढे गोडादऱ्याकडे नुसती शेतं. ती घरी बसून साड्यांचे धागे कापायची आणि गड्ड्या रंगाप्रमाणे लावायची. गुलाबी आणि राणी, विटकरी आणि लाल, अंधारातसुद्धा चुकायची नाही. लिहिता-वाचता तिला येत नव्हतं. बोलायला मात्र कमी नव्हती. माझ्या रेडिओंना ती सवती म्हणायची. "आज कोनती सवत आनी?" असं दारातच विचारायची.

तर एका वर्षी तापीला मोठा पूर आला. नदी ओसरल्यावर गावभर चिखल. त्या चिखलातून एक पारशी गृहस्थ स्कूटरवर बसून माझ्या खोलीशी आले. नानपुऱ्यात राहायचे, लग्नासमारंभात वाजवणारा त्यांचा ऑर्केस्ट्रा होता आणि गिटार ते स्वतः वाजवायचे. हातात फडक्यात गुंडाळलेली एक लोखंडी पेटी. त्यांच्या मावसभावाने विलायतेहून आणली होती म्हणे. अशी दुसरी सुरतेत नव्हती. ती पुरात बुडाली. आत गाळ भरला.

मी पेटी उघडली आणि बघतच राहिलो. एवढा जड डबा, एवढी विलायतेची ऐट आणि आत काय? दोन ट्रान्झिस्टर! मोजके रेझिस्टन्स, थोडे कंडेन्सर, एक बॅटरी. बास! एवढंच! मी जोरात हसलो. त्यांना वाटलं मी त्यांच्या मालाची टिंगल करतोय.

"हसे छे शुं? बने के नी बने, ए बोल."

मी म्हणालो, "ही नाही जगणार. पण हिच्यासारखी दुसरी करून देतो."

"तद्दन आवी ज? पूर पहेलां जेवी वागती ती, एवी ज?" पुराआधी वाजायची अगदी तशीच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

"तशीच."

ते म्हणाले, तशी वाजली तर ऑर्केस्ट्राचे सगळे अँप्लिफायर, सगळे माईक, सगळी दुरुस्ती कायमची तुझी. लग्नसराईच्या पहिल्या कार्यक्रमाला पेटी पाहिजे. स्कूटर निघून गेली आणि ही आतून बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं, पण तिच्या डोक्यात एकच गोष्ट राहिली.

"म्हणजे लूम सुटी?"

"वाजली तर सुटी."

मी लूम सोडावी म्हणून ती तेव्हा एवढी मागे का लागली होती ते मला माहीत नव्हतं. मी घरी लिलाववाल्यासारखा ओरडून बोलतो, असं शेजारपाजारचे म्हणायचे. मला ते चेष्टा वाटायचं.

कामाला लागलो. पहिलं भांडण रेझिस्टन्सचं. त्यांच्या अंगावर रंगाचे पट्टे असतात, त्या रंगांवरून माप कळतं. गाळाने पट्टे मळलेले. मी घासून घासून बघतो, लाल की विटकरी की नारंगी, काही कळेना. ती कोथिंबीर निवडत बसली होती. एक उचलला, उजेडात धरला. "हाऊ लाल नही. विटकरी. हाऊ लाल. आनि हाऊ नारंगी, पन उडेल." उडेल म्हणजे फिकटलेला. सगळे सांगून मोकळी. मी मीटर लावला तर मीटर वेगळंच माप दाखवतो! पाणी पिऊन रेझिस्टन्स बिघडले होते. आता खरं कोण, रंग की मीटर? माझं मन मीटरकडे. ती म्हणाली, त्या बाबाला पुराआधीचा आवाज पाहिजे ना, मग मीटर आज मोजतंय, रंग तर जन्माच्या वेळचे आहेत. मी रंगांप्रमाणे माल काढला.

कंडेन्सर जुन्या रेडिओतून मिळाले. राहिले दोन ट्रान्झिस्टर. ते जर्मेनियमचे, धातूच्या टोपीचे. बाजारात तेव्हा नवे सिलिकॉनचे यायला लागले होते, दुकानदार तेच गळ्यात मारायचा. लावून बघितले. आवाज आला, पण कसा? पत्र्यावर पत्रा घासल्यासारखा. पारशीबाबा म्हणाले होते, आवाज फाटला तरी त्यात लोकर पाहिजे, मऊपणा पाहिजे. तेव्हा जर्मेनियमच. पुन्हा गुजरी, पुन्हा मेलेले रेडिओ. मी प्रत्येक ट्रान्झिस्टर मीटरवर लावायचो आणि आवाज किती वाढवतो ते बघायचो. बैलजोडी निवडावी तशी सारखी जोडी निवडली. दोघे अगदी सख्खे भाऊ, काटा एकाच जागी.

जोडलं. त्यांनी तपासायला एक जुनी गिटार दिली होती, तिला दोनच तारा. मला वाजवता येत नाही. हिला म्हटलं, छेड. तिचे हात पिठाचे, तसाच अंगठा तिने तारेवर मारला.

काय सांगू! घोंऽऽऽ करून खोली हादरली! मांडणीवरचे पेले वाजले! पत्र्यावरची कबुतरं उडाली! शेजारीण "स्टो फुटला का" म्हणत धावत आली आणि ही गिटार टाकून हसत खाली बसली. "आयका ना, डबा भांडस!" तेव्हापासून पेटीचं नाव आमच्या घरात भांडखोर डबा. मी स्पीकरवर तळहात ठेवला. आवाज हाताच्या हाडातून खांद्यापर्यंत चढत होता. एवढा आनंद मला पहिली पगारवाढ झाली तेव्हाही झाला नव्हता.

पेटी नानपुऱ्यात घेऊन गेलो. त्यांनी गिटार लावली, वाजवली, डोळे मिटले. मान डोलली. मी मनात लूमच्या मालकाचा निरोप घेऊन टाकला. मग त्यांनी तारांवर हात ठेवून आवाज बंद केला आणि डोळे उघडून पेटीकडे बघितलं.

"भाई, अंदर भजियां तळाय छे के?"

मी हसलो. मला वाटलं गंमत करतात. ढोलकवाला बाजूला होता, तो म्हणाला, "मेथीनां लागे छे," आणि सगळे हसले. मी पण हसलो. मग ते वैतागले. ऐक म्हणाले. मी स्पीकरला कान लावला. काही नाही. चिडीचूप.

"शांत तर आहे," मी म्हणालो.

कोणी हसलं नाही. ते माझ्याकडे जरा विचित्र बघत राहिले. "नी चाले," एवढंच म्हणाले आणि पेटी माझ्या हातात दिली.

घरी आलो, हिला म्हटलं, पारशी येडा झाला, म्हणतो पेटीत भजी तळतात.

ती सहज म्हणाली, "ते सूंऽऽऽ? ते तं पहिलेपाईन शे. माले वाटनं, ते गानामाच शे."

तिला पहिल्या दिवसापासून ऐकू येत होतं. तिला वाटलं गाण्यातलंच असेल, विलायती गाणं, तसंच असेल. आणि मी तिला कधी विचारलं नाही, कारण माझ्या मते तिथे विचारण्यासारखं काही नव्हतंच. आम्ही एका स्पीकरसमोर बसून दोन वेगळ्या पेट्या ऐकत होतो.

"तुमले नही आयकू येत?"

"नाही."

तिने साडीच्या पुडक्यातला कोरा पातळ कागद घेतला आणि माझ्या कानाजवळ चुरगळला. "आते?" मला तिची बोटं हलताना दिसली. कागद मुका. ती आधी हसत होती, मग थांबली. दुसऱ्या कानाजवळ चुरगळला. मग कागद खाली ठेवून म्हणाली, "तुमना कान जाई ऱ्हायनात. लूम सोडा."

"पेटी चालली तर सोडतो."

"मंग मी आयकसू," ती म्हणाली. "तुम्ही जोडा, मी आयकसू."

त्या दिवसापासून वाट्या आल्या. आणि सांगतो, तेवढे मजेचे दिवस आमच्या आयुष्यात पुन्हा आले नाहीत. मी पाळीवरून यायचो, जेवण बाजूला, आधी फळी! "लावा ना, लावा ना," तिचीच घाई. मी मीटर बघायचो, ती सूंऽऽऽ ऐकायची. माझा काटा म्हणे हा शंभर नंबरी, ती म्हणे हा रडका. मी चिडायचो, ती वाटीत टाकायची. पुढे तिला एक गोष्ट सापडली. गरम भाकरी थापून आली आणि ट्रान्झिस्टर चिमटीत धरला की शांत असलेला पण रडायला लागतो. सोडला, निवला, की गप्प. तिने मला चार वेळा करून दाखवलं, मी मीटरवर बघितलं, आणि खरंच! बोटांच्या उबेने काटा सरकायचा! जर्मेनियमची ती खोडच आहे, ऊब लागली की गळतो, आतून वीज झिरपते. मला ते ऐकीव माहीत होतं. पण बोटांएवढ्या उबेने? मांडवात तर वर मोठे दिवे, खाली गर्दी, उन्हाळ्याचे दिवस. तिथे काय होईल?

मग आमचा नियम ठरला. सकाळी निवडायचं नाही, संध्याकाळी निवडलं तर कच्चं. पक्कं भर दुपारी, पत्रा तापलेला असताना, घाम गळत असताना. वर तिची भाकरीची बोटं. त्यात जो गप्प राहील तो खरा. शेजारणी विचारायच्या, भर दुपारी दार लावून दोघं काय करता? ही दारातून ओरडायची, "भजी तयतंस!" भजी तळतोय.

आणि जोडीचंही तिनेच मोडलं. सख्खे भाऊ लावले की आवाज नुसता सपाट ओरडायचा, तार सोडली की एकदम तुटायचा. एकदा कंटाळून तिने मुक्यांच्या वाटीतला एक मवाळ गडी पुढे लावायला लावला आणि मागे एक दांडगा. मी म्हटलं, ही काय जोडी? ती म्हणाली, आपली आहे तशी. तार छेडली. घोंऽऽऽ आला, मग हळूहळू बारीक झाला, मांजर झोपी जाताना घुरघुरतं तसा, आणि मग साफ. मी पुन्हा छेडायला लावलं. पुन्हा! तळहाताला कळत होतं, शेवट कसा उतरतोय ते. त्याच्या आत भजी आहेत की नाहीत, हे मात्र तिच्या तोंडावरच बघायचं. तिने मान हलवली. नाहीत. तेव्हा मी शिश्याचा पक्का डाग दिला. तिने मान हलवल्याशिवाय डाग द्यायचा नाही, हाही नियम.

लग्नसराईचा पहिला कार्यक्रम मोकळ्या मैदानात होता. ती हट्टाने बरोबर आली, नवी साडी नेसून, बायकांच्या बाजूला सगळ्यांत पुढे. मी स्टेजच्या खाली. दिवे एवढे तापलेले की माझी मान भाजत होती. पेटी त्या दिव्यांखाली कार्यक्रमभर शिजणार! पारशीबाबांनी दोन गाणी साधी वाजवली आणि तिसऱ्याला पायाने पेटी दाबली. मैदानातली पोरं किंचाळली. मला ते दिसत होतं, जाणवत होतं, छातीत येऊन आदळत होतं. पण माझी भीती गाण्याची नव्हती, दोन गाण्यांमधल्या गप्पपणाची होती. गाणं संपलं. त्यांनी तारांवर हात ठेवला. पेटी चालूच. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही, हिच्याकडे बघितलं. ती मान वाकडी करून, डोळे बारीक करून ऐकत होती, आजूबाजूच्या बायका टाळ्या वाजवत होत्या तर त्यांना हाताने दटावत होती. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि हात हलवला, लूमवर आम्ही करायचो तसा. तो हातवारा मीच तिला शिकवला होता. धागा तुटलेला नाही, चालू दे.

वरून पारशीबाबा ओरडले, "आ ज! साला आ ज!" हाच, हाच तो आवाज. माझं नाव घेऊन ओरडले, मला म्हणे माईकवर बोलावलं. मला ऐकू आलं नाही. तिने ढकललं तेव्हा कळलं.

लूम सुटली. कान गेले तेवढे गेले, उरलेले राहिले. मग बडोद्यापर्यंतचे गिटारवाले यायचे, भांडखोर डबे करून न्यायचे. हातावर हात ठेवून ते मला म्हणायचे, उस्ताद, काय कान आहेत तुमचे. ही आतून ओरडायची, "कान माझे आहेत, ते नुसते डाग देतात!" गुजरातीत ओरडायची, म्हणजे समोरच्याला कळावं.

तिला पोचवून मी आणि मुलगा दुपारी घरी आलो, सून घरीच होती. तिची दुपारची वेळ होती ती, ट्रान्झिस्टरची. मी गॅलरीत गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर घर शांत. चूल पेटवायची नाही, शेजारचे जेवण आणणार होते. ती जिथे शेवटची निजवली होती तिथे जमिनीवर पसरलेल्या पिठाच्या गोलात दिवा तेवत होता, वर अर्धवट झाकलेली टोपली. मी गॅलरीतून ताट आणलं, फळी आणली, दिव्यापाशी बसलो. कडेला ठेवलेला तो एक ट्रान्झिस्टर फळीवर जोडला. बोटं गार होती. भाकरीची बोटं आणणार कुठून? मी टोपली सरकवली आणि चिमूट दिव्याच्या वर धरली.

शेजारची बाई दारातून म्हणाली, "बाबा, त्या दिव्याला हात लावू नये."

"लावत नाही. शेकतोय."

बोटं चांगली तापल्यावर टोपी चिमटीत धरली आणि सुनेला हाक मारली. ती रडून सुजलेल्या डोळ्यांनी आली. मी म्हणालो, "इथे बस. कान लाव. मला ऐकू येत नाही, तू सांग. भजी तळल्यासारखं काही येतंय का?"

ती वाकली. पदर सावरून कान लावला, सासू बसायची तशीच मान वाकडी केली.

"येतंय बाबा. थोडंसं."

"थोडंसं की येतंय?"

तिने पुन्हा ऐकलं. "येतंय."

मी तो रडणाऱ्यांच्या वाटीत टाकला.